मदत हवी आहे: फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणाची १३:३० ही वेळ म्हणजे काय?

घाईतली_मी
कुणीतरी पटकन सांगा. आईबाबांना घेऊन जातेय. रेस्टॉरंटच्या साइटवर दुपारसाठी १२:००, १२:१५ असं करत १३:३० पर्यंतच वेळा दिसतात, मग एकदम १९:३०. १३:३० म्हणजे तोवर जेवून उठायचं की तोवर पोचायचं? मला १४:३० हवी आहे. तीन ठिकाणी बघितलं, सगळीकडे हेच. आज बुकिंग करायचंच आहे.

लिंबूसरबत
गाव कुठलं? वार कुठला?

जुना_प्रवासी
१३:३० ही टेबलावर बसायची शेवटची वेळ. दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातनंतर उघडतं. आम्ही एकदा २ वाजून ५ मिनिटांनी पोचलो. आत निम्मी टेबलं भरलेली, माणसं निवांत कॉफी घेत होती, म्हणून आम्हीही बसायला गेलो. वेटर फळ्यावरचे खडूने लिहिलेले पदार्थ पुसत होता. त्याने नुसतं घड्याळावर बोट ठेवलं. शेवटी बेकरीतले सँडविच घेऊन बाकावर बसलो. १४:३० विसरा.

सातासमुद्रापार
असं काही नाही. पॅरिसला ब्रासरीत, म्हणजे तिथल्या मोठ्या साध्या खानावळीत, दिवसभर जेवण मिळतं. दारावर 'सेर्विस कोंतिन्यू' लिहिलेलं बघायचं. तिथलं बुय्यों शार्तिए नावाचं रेस्टॉरंट १८९६ पासूनचं आहे, आम्ही तिथे दुपारी चारला जेवलो.

जुना_प्रवासी
सगळं फ्रान्स म्हणजे पॅरिस नव्हे. छोट्या गावात हे ऐकून गेलात तर आईबाबा उपाशी राहतील.

ट्रॅव्हल_वेडी
पाणी विकत घेऊ नका! 'ऊन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात. आणि टिप सक्तीची नाही, सेवेचे पैसे दरात धरलेलेच असतात.

सातासमुद्रापार
तरी दोनचार युरो ठेवावेत. वेटरही माणूसच आहे.

घाईतली_मी
टिपचं नंतर बघू हो. गाव लियों. सोमवार. गाडी पार-द्यू स्टेशनला १२:५० ला पोचते, रेस्टॉरंट जुन्या लियोंमध्ये. तिघं आहोत. दीड वाजता बसवलं तर दोनला उठवतील का?

लिंबूसरबत
हे आधी सांगायचं होतं ताई. सोमवारी तिकडे बरीच रेस्टॉरंटं बंद असतात, तुमचं उघडं आहे ना?

जुना_प्रवासी
उठवणार नाहीत. आपल्या पंगतीसारखं धरा: पान एकदा मांडलं की घाई नाही, फक्त पंगत बसायच्या आत हजर हवं. ऑर्डर लगेच द्या, मग तीन वाजेपर्यंत बसा.

सातासमुद्रापार
पॅरिसला आम्हाला उठवलं होतं.

जुना_प्रवासी
रात्री ना? रात्री काही ठिकाणी ७ आणि ९ अशा दोन पंगती असतात. दुपारी सहसा एकच.

लिंबूसरबत
पार-द्यूहून मेट्रो बी, साक्स-गांबेतात बदलून डी, उतरायचं व्यू लियों. सामान घेऊन अर्धा तास धरा. १३:३० च घ्या. उशीर होतोय वाटलं तर गाडीतूनच फोन करा, पंधरा मिनिटांवर गेलं तर टेबल देऊन टाकतात. आई शाकाहारी आहे का? तिथल्या बुशोंमध्ये, म्हणजे पारंपरिक लियोनी खानावळींमध्ये, बहुतेक सगळं मांसाहारी, लियोंच्या सॅलडमध्येसुद्धा डुकराचं मांस आणि अंडं.

घाईतली_मी
आई शाकाहारी आहे, अंडंही नाही. हे लिहायचं राहिलंच. आत्ता पाहिलं, सोमवारी उघडं आहे. १३:३० घेतली. शेऱ्याच्या चौकटीत आईसाठी काय लिहू?

लिंबूसरबत
नुसतं 'शाकाहारी' लिहू नका, मासे चालतील असं समजतात. 'सां व्यांद, सां प्वासों, सां अ' लिहा: मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. स्पेलिंग व्यक्तिगत निरोपात पाठवते.