पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटते, यात खरं किती?

मुळशी_माणगाव
160 सीसीची गाडी घेतली आहे. पुढे डिस्क आणि सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचं थांबू न देणारी यंत्रणा), मागे ड्रम. दर शनिवारी ताम्हिणी घाटातून माणगावला जाणं असतं. घरी काका आणि गॅरेजवाले तीन गोष्टी ठासून सांगतात. पावसात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. पावसाळ्यात टायरची हवा थोडी कमी ठेवायची, पकड वाढते. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं. यांतलं काय पाळायचं आणि काय सोडायचं? कृपया कारणासकट सांगा, म्हणजे काकांनाही पटवता येईल.

डिस्क_पॅड
पहिल्या गोष्टीवरच लिहितो, कारण जीव तिथेच जातो.

ब्रेक मारला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे सरकतं. उभ्या गाडीत दोन्ही चाकांवर साधारण निम्मं-निम्मं वजन असतं. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारताना त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास पुढच्या चाकावर जातं. मागचं चाक हलकं होतं, रस्त्याला धरतच नाही, म्हणून मागचा ब्रेक करकचून दाबला की ते लगेच लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, फरपटतं. हिशोब बघा. ताशी 60 वर गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर ते 17 मीटर तसेच गेले. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट लावले तर आणखी 20 मीटरांत गाडी थांबते. फक्त मागचा लावला तर 40 मीटरांच्या पुढे जाते. मधल्या 20 मीटरांत एखादा ट्रक आडवा उभा असू शकतो.

मग लोक पुढच्या ब्रेकने पडतात ते का? लिव्हर एकदम ओढतात म्हणून. पुढचे शॉकअप दबून वजन चाकावर यायला थोडा वेळ लागतो. त्याआधीच चाक आवळलं तर ते लॉक होतं आणि गाडी क्षणात आडवी होते. त्यामुळे लिव्हर दोन टप्प्यांत दाबायची: आधी हलकेच, पॅड डिस्कला लागून पुढचा भाग खाली बसेपर्यंत, आणि मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. हँडल सरळ, नजर लांब, गुडघे टाकीला घट्ट. थांबत आल्यावर क्लच ओढायचा.

जुनी_किक
वरचं सगळं मान्य, पण काकांना अगदीच खोट्यात काढू नका. हा सल्ला आला तो लहान चाकांच्या स्कूटर आणि पुढे ड्रम असलेल्या गाड्यांच्या काळात. ड्रममध्ये पाणी गेलं की आधी ब्रेक लागतच नाही, माणूस जोर वाढवतो, आणि लायनर (ड्रमच्या आत घासणारी पट्टी) सुकला की चाक एकदम धरतं. अशा गाडीवर पावसात पुढचा ब्रेक भरवशाचा नव्हताच.

आजही काही ठिकाणी पुढचा ब्रेक घातक आहे. वळणात गाडी झुकलेली असताना, सुट्या खडीवर, शेवाळावर आणि हँडल वळवून यू-टर्न घेताना. या चारही ठिकाणी टायरची पकड आधीच खर्ची पडलेली असते किंवा मुळात नसते. वेग आधी, गाडी सरळ असतानाच उतरवायचा. वळणात अडलंच तर गाडी जितकी उभी करता येईल तितकी करून मग ब्रेक. एबीएस आहे म्हणून झुकलेल्या गाडीवर जोरात दाबू नका. साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, गाडी किती झुकली आहे हे त्याला कळत नाही.

डिस्क_पॅड
@जुनी_किक बरोबर, आणि खडीवर एबीएसने थांबण्याचं अंतर उलट वाढतं, हेही जोडतो.

1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा) किंवा एबीएस सक्तीचं झालं. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढचं चाक सांभाळलं जातं. तुमच्या गाडीचं मागचं चाक अजूनही लॉक होणार. ते आडवं सरकायला लागलं आणि घाबरून मागचा ब्रेक झटक्यात सोडला, तर चाक अचानक पकड घेतं आणि गाडी माणसाला वरून फेकते. मागचं चाक आडवं गेलंच असेल तर पाय तसाच दाबून ठेवा आणि समोर बघत थांबा. बिगर-एबीएस गाडीवर पुढचं चाक लॉक झालं तर मात्र उलट: तत्क्षणी सोडा आणि पुन्हा हळू दाबा.

सराव केल्याशिवाय हे हातात बसत नाही. कोरडा, मोकळा डांबरी रस्ता घ्या, खडूने रेघ मारा. ताशी 30 ने या, रेघेवर ब्रेक, थांबल्यावर अंतर मोजा. 6-7 मीटर आलं की 40, मग 50. एबीएस लागलं की लिव्हर थरथरते. अनेकजण ती थरथर जाणवताच घाबरून ब्रेक सोडतात, म्हणून ती आधीच ओळखीची झालेली बरी.

घाटवाट
न्यूट्रलबद्दल मी सांगते. हे आजच बंद करा.

इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण बंद असेल, तर इंजिनाचं कंट्रोल युनिट पेट्रोल तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचतीचं गणितही चुकीचं. त्यात सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते. डिस्कमध्ये वेगळंच होतं: ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओल शोषलेल्याचा तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर सरळ हँडलला टेकते. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, वळणाआधी नीट दाबा आणि सोडा. गिअरमध्ये उतरताना इंजिनच वेग रोखून धरतं; स्कूटरला हा अडसर फार कमी मिळतो, त्यांनी उतार सुरू होतानाच वेग कमी ठेवावा आणि मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

हवेबाबत: ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचांनी पाणी बाहेर ढकलायचं असतं. हवा कमी झाली की टायर मधून दबतो, खाचा मिटतात आणि पाणी खालीच अडकतं. चेन कव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवा. टायर गार असताना, पंधरा दिवसांनी एकदा मोजा. मागे कोणी बसणार असेल तर मागच्याचा वेगळा आकडा तिथेच दिलेला असतो.

मुळशी_माणगाव
मनापासून आभार. एकच शंका: चिखलातून आल्यावर एबीएसचा दिवा लागून राहतो. गाडी चालवायची की नाही?

जुनी_किक
चावी फिरवल्यावर दिवा लागणं आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणं, हे योग्य. चालताना लागून राहिला तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक मात्र चालू असतो. पुढच्या चाकाजवळची दात्यांची रिंग आणि सेन्सरचं टोक ओल्या फडक्याने पुसा, चिखलाचा गठ्ठा बसला असेल तर तेवढ्यानेही दिवा जातो. प्रेशरची नळी तिथे थेट मारू नका. पुसूनही गेला नाही तर सेन्सरची वायर फोर्कच्या बाजूला कुठे घासली आहे का बघा आणि शनिवारच्या आत दाखवून घ्या. तोवर एबीएस नाहीच असं धरून, लिव्हर दोन टप्प्यांतच दाबा.