डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन परत आलं तर सरासरी वेग शून्य कसा काय? (नववी विज्ञान)

नववीची_आई:
मुलगी नववीत आहे, स्टेट बोर्ड, विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम आणि तिथेच गाडी अडलीये. व्याख्या तोंडपाठ आहेत, अंतर भागिले वेळ म्हणजे चाल, विस्थापन भागिले वेळ म्हणजे वेग, पण काल विचारायला लागली की आपण सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत आलो तर सरासरी वेग शून्य, मग दिवसभर गाडी पळाली ते कुठे गेलं? आणि उत्तर शून्यच येणार असेल तर ते शिकायचं तरी कशाला? मी कॉमर्सवाली, मला धड सांगता येईना. तिला पटेल असं कुणीतरी सांगा प्लीज.

रूळवेडा:
प्रश्न एकदम रास्त आहे तिचा. तीच गाडी घेऊ. पुणे ते सीएसएमटी रुळांवरून 192 किमी, वेळ साधारण 3 तास 10 मिनिटं, म्हणजे सरासरी चाल ताशी 60 किमीच्या आसपास. आता तिला नकाशावर दोन्ही स्टेशनांमध्ये पट्टी ठेवायला सांगा, सरळ रेषेत अंतर, म्हणजेच विस्थापन, 120 किमीच्या आतच भरतं. कारण रूळ सरळ जातच नाहीत, लोणावळ्यानंतर घाट उतरून कर्जत, तिथून वर उत्तरेला कल्याण, मग वळून ठाण्यावरून खाली दक्षिणेला मुंबई. म्हणून सरासरी वेग निघतो ताशी 37-38 किमी, आणि सोबत दिशा लिहायचीच, पश्चिम-वायव्य.
प्रवास एकच पण प्रश्न दोन आहेत. गाडी किती पळाली ते चाल सांगते, आणि निघालो तिथून कुठल्या बाजूला किती सरकलो ते वेग सांगतो. रात्री परत पुण्यातच उतरलात तर सरकणं शून्य. पळालेले 384 किमी कुठे जात नाहीत, ते चालीच्या हिशोबात आहेतच.

घाटमाथा:
वरचं सगळं बरोबर, पण शिकायचं कशाला हे राहिलं आणि खरी गंमत तिथेच आहे. सरासरी सोडा, क्षणाक्षणाचा वेग बघा. घाटात गाडी एकाच स्पीडने वळण घेतेय असं धरा, तरी दारापाशी उभी असलेली माणसं वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलतात की नाही? स्पीडचा आकडा हललेला नाही, मग बदललं काय, तर दिशा. दिशा बदलली की वेग बदलला, वेग बदलला की त्वरण आलं, आणि त्वरण आलं म्हणजे कुठूनतरी बल लागतंय, इथे ते रूळ देतात, चाकांना आतल्या बाजूला ढकलून. नुसती चाल धरून बसलं तर हे त्वरण शून्य येतं आणि त्याच धड्यातला न्यूटनचा दुसरा नियम वळणावर लावताच येत नाही. चंद्राचंही तेच, सेकंदाला साधारण 1 किमी चालीने फिरतो, चाल फारशी बदलत नाही पण दिशा सतत बदलते, ती पृथ्वीच्या ओढीने. म्हणजे शून्य येतं ते फक्त पूर्ण फेरीच्या सरासरीचं, वाटेतल्या कुठल्याही क्षणाला पळत्या गाडीचा वेग शून्य नसतो.

गणित_पक्कं:
एक जोडतो, मुलं इथे हमखास मार्क घालवतात. 120 किमी ताशी 40 ने गेलो, तेवढंच अंतर ताशी 60 ने परत आलो, तर सरासरी चाल 50 लिहितात. जाताना 3 तास, येताना 2, एकूण 240 किमी 5 तासांत, म्हणजे 48. हळू जाण्यात जास्त वेळ गेलेला असतो म्हणून सरासरी तिकडे झुकते. आणि ताशी किमीचं सेकंदाला मीटर करताना 18 चे 5 होतात एवढं लक्षात ठेवायला सांगा, 36 चे 10, 54 चे 15, पटकन होतं.

नववीची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे! वळणावर कलण्याचं तिला लगेच पटलं. आता विचारतेय की स्कूटरच्या काट्यावर दिसते ती चाल की वेग?

घाटमाथा:
चाल, आणि तीसुद्धा त्या क्षणाची. काट्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. मोबाइलच्या मॅपमध्ये स्पीडचा आकडा आणि तोंड कुठे आहे ते दाखवणारा बाण, दोन्ही मिळून वेग झाला. पेपरात वेग विचारला असेल तर आकडा, एकक आणि दिशा तिन्ही लिहायला सांगा.