पट्टे चासीला नव्हे, चाकांना बांधावेत

ट्रेलरवरून ऑफ-रोड गाडी नेताना तिची चासी (गाडीचा सांगाडा) खाली दाबून पट्ट्यांनी घट्ट आवळावी, असा एक सल्ला दिला जातो. त्याबाबत माझे मत वेगळे आहे. ऑफ-रोड गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल मोठी असल्याने खड्ड्यात ट्रेलर आदळला की चासी आणखी खाली जाते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि नेमका तेव्हाच त्याचा हूक निसटू शकतो. म्हणून पट्टे ॲक्सलला (चाकांना जोडणाऱ्या दांड्याला) किंवा थेट टायरवरून बांधावेत. मग गाडी स्प्रिंगांवर हलली तरी पट्ट्यांचा ताण फारसा बदलत नाही. मात्र ॲक्सलवरून पट्टा नेताना ब्रेकची नळी त्याखाली दबत नाही ना, हे वाकून, हाताने चाचपून पाहावे. अशी चेपलेली नळी मी स्वतः पाहिली आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र पट्टे हवेतच, आणि ते निवडताना तुटण्याची मर्यादा नव्हे, तर लेबलवरची सुरक्षित भारक्षमता पाहावी, जी साधारणपणे त्या मर्यादेच्या एक तृतीयांश असते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर (ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडावर) यायला हवा, अन्यथा वेगात ट्रेलर झोके घेऊ लागतो. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच थांबून सर्व रॅचेट (पट्टे आवळायच्या कळी) पुन्हा तपासावेत.