बेने इस्राएल घरातला समलिंगी मुलगा: साठचे दशक समजून घेताना

प्रश्न
आईचे धाकटे मामा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातले. ते साठच्या दशकाच्या आरंभी, ऐन तारुण्यात, अलिबागजवळच्या गावातून आईवडिलांसह इस्राएलला गेले. तिथल्या लोद शहरात स्थायिक झाले आणि शेवटपर्यंत अविवाहित राहिले. एका मित्राबरोबरचे त्यांचे सहजीवन घरात सर्वांना ठाऊक होते, परंतु त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे. आता मी घराण्याचा इतिहास लिहितो आहे आणि त्यांच्यावर एका ओळीत अन्याय करू इच्छित नाही. त्यांना नडला तो धर्म, कायदा की समाज?

प्रतिसाद १
ब्रिटिश अमलातील पॅलेस्टाइनच्या १९३६ च्या फौजदारी कायद्यात पुरुषांमधील संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद होती. ते कलम इस्राएलने पुढे चालवले आणि १९८८ मध्ये रद्द केले. मात्र प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवर सहसा खटले भरले जात नसत. त्यामुळे तुरुंगापेक्षा बोभाट्याची धास्ती मोठी होती, असे मला वाटते.

प्रतिसाद २
मी ठाण्याची, बेने इस्राएल. तोरा या आमच्या धर्मग्रंथातला अशा संबंधांचा निषेध सर्वांना माहीत होता, पण आमच्या घरांत तो कोणी उच्चारल्याचे मी ऐकलेले नाही. विषय निघायचा तो लग्नाचा. मेंदीच्या रात्री, किंवा प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा वाटला जात असताना, एखादी मावशी सर्वांदेखत "आता तुझी पाळी कधी?" असे विचारी, आणि त्या मुलाला हसून वेळ मारून न्यावी लागे. आईला वेगळीच काळजी असे: याला मुलगा झाला नाही, तर याच्यामागे कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, कोण म्हणणार?

त्यात तो काळ ध्यानात घ्या. त्याच वर्षांत इस्राएलच्या मुख्य रब्बींनी (धर्मगुरूंनी) बेने इस्राएल वधूवरांची वंशावळ तपासण्याचे निर्देश दिले होते, आणि आपले ज्यूपण सिद्ध करण्याची पाळी आलेल्या आमच्या लोकांनी १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन करून ते बदलायला लावले. मुलांची लग्ने मान्य व्हावीत म्हणून अवघा समाज रस्त्यावर उतरलेला असताना, "मला लग्नच करायचे नाही" असे म्हणणाऱ्या तरुणाचे ऐकून घ्यायला कोणाला सवड होती? आमच्या माणसांनी अपमान सोसला हे खरे, पण आपल्याच मुलांचे दुःख त्यांना दिसले नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन.

प्रतिसाद ३
वरील मताशी सहमत आहे, तरी सारा दोष एका छोट्या समाजावर टाकू नये. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेसुद्धा समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळले. लॉस एंजेलिसमध्ये समलिंगी ज्यूंनी स्वतःचे प्रार्थनामंदिर १९७२ मध्ये उभे केले, आणि इस्राएलमधील पहिली संघटना १९७५ ची. तोवर आपले मामा तिशी ओलांडून गेले असतील, आणि आधार शोधण्याचे वय एकट्यानेच काढलेले असेल.

ते मित्र हयात असतील तर कागदपत्रांआधी त्यांना भेटा. मामांच्या पश्चात कद्दिश कोणी म्हटला, हेही विचारा. आणि त्या मित्रांचे नाव लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी अवश्य घ्या.