तिन्ही फाउंडेशन एकदम बदलण्याआधी

सिग्नलला गाडी थरथरते म्हणजे तिन्ही इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन) गेली, हे म्हणणं अर्धंच पटतं. एक सिलिंडर मिस करत (त्यात इंधन नीट पेटत नसलं) असला तरी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, तशीच थरथर येते, म्हणून पेट्रोल गाडीत आधी ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल बघा. मग बॉनेट उघडून हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबा, बघणाऱ्याला बाजूला उभं करा (गाडीसमोर अजिबात नाही) आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडेपर्यंत क्षणभर सोडा. हेच रिव्हर्समध्ये करा. इंजिन थोडं हलणारच, पण उसळून धप्पकन आपटलं तर माउंटिंग संपलं. हायड्रॉलिक (आत द्रव भरलेल्या) माउंटिंगखाली काळा ओघळ दिसला तर एवढ्या परीक्षेचीही गरज नाही. फक्त क्लच सोडताना खट्ट होत असेल तर खालचा टॉर्क रॉड (इंजिनाचं पुढे-मागे झुकणं रोखणारं माउंटिंग) आधी तपासा, सहसा तोच सगळ्यात स्वस्त असतो.

आता माउंटिंग बसवताना होणारी चूक. इंजिनाला आधार देताना जॅक थेट संपला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) लावू नका, मध्ये जाड लाकडी फळी ठेवा, नाहीतर संप चेपतो. नवीन माउंटिंगचे बोल्ट आधी हातानेच फिरवा, जॅक काढून इंजिनचं वजन रबरावर येऊ द्या, इंजिन एक-दोनदा हलवा आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. जॅकवर असतानाच आवळलं तर रबर पिळलेलं राहतं. थरथर जात नाही, रबर लवकर फाटतं आणि शिव्या बिचाऱ्या पार्टला बसतात.