शब्दचर्चा: दोन यष्ट्यांच्या काळात ‘त्रिफळाचीत’ चालेल का?

इंग्लंडमधल्या सरे काउंटीतल्या अगदी सुरुवातीच्या क्रिकेटवर मराठीत लेख लिहिते आहे. माहिती जमली आहे, अडलंय ते शब्दांपाशी.

मे १७७५ मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच जणांचा एक सामना झाला. सरेचा नावाजलेला गोलंदाज ‘लम्पी’ स्टीव्हन्स त्यात केंट काउंटीच्या बाजूने खेळत होता. समोरच्या हॅम्बल्डन क्लबचा शेवटचा गडी जॉन स्मॉल मैदानात उतरला तेव्हा जिंकायला १४ धावा हव्या होत्या. लम्पीने त्याला तीनदा साफ चकवलं. पण तेव्हा यष्ट्या दोनच असत. तिन्ही वेळा चेंडू दोहोंच्या मधून आरपार गेला, वरची बेल (यष्ट्यांवर ठेवलेली आडवी दांडी) पडली नाही, आणि नियमाने स्मॉल नाबाद! त्यानेच सामना जिंकून दिला. हा गोलंदाजावर अन्याय आहे, असं सगळ्यांनाच वाटलं आणि तिथून तिसऱ्या यष्टीची वाट मोकळी झाली.

आता इथे ‘त्रिफळाचीत’ शब्द वापरायचा कसा? त्रिफळा म्हटलं की तीन आलेच. तीच गत ‘षटक’ची. १७४४ च्या नियमांत चार चेंडूंनंतर टोक बदलायचं होतं. आपल्या दोन नेहमीच्या शब्दांत आकडे बसले आहेत, आणि दोन्ही त्या काळाला लागू पडत नाहीत. काय करावं?

प्रतिसाद

‘षटक’बद्दल मला फार अडचण वाटत नाही. तेल हा शब्द मुळात तिळाचा, तरी आपण करडईचं तेल म्हणतोच. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. ‘चार चेंडूंचं षटक’ असं एकदा सांगून टाका आणि पुढे चला. शब्दाने मूळ आकडा कधीच सोडला आहे.

प्रतिसाद

वरच्या मताशी मी सहमत नाही, निदान या लेखापुरता तरी. लेखाचा विषयच जर आकडे कसे बदलले हा असेल, तर आकडा झाकून कसं चालेल? ‘चार चेंडूंचं षटक’ वाचताना वाचक अडखळणार. त्यापेक्षा ‘चार चेंडू टाकून झाले की टोक बदलायचं’ असं सरळ सांगावं. ‘त्रिफळाचीत’ तर नकोच. ‘चेंडूने यष्टी उडवली’ म्हणा, नाहीतर ‘बेल पाडली’.

माझ्या मते खरी गंमत ‘विकेट’मध्ये आहे. इंग्रजीत तो मोठ्या दाराशेजारच्या किंवा दारातल्या छोट्या दाराचा शब्द. म्हणजे आपली दिंडी! वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. १७४४ च्या नियमांत २२ इंचांच्या दोन यष्ट्या आणि वर ६ इंचांची बेल आहे. ते चित्र डोळ्यांसमोर आणा, बुटकी दिंडीच दिसते. तिसरी यष्टी मध्ये आली आणि दार बुजलं, नाव मात्र राहिलं. लेखात एकदा तरी ‘दिंडी’ येऊ द्या. बाद झालेल्यांची मोजणी करताना आपला ‘गडी’ आहेच. ‘दोन गडी बाद’ १७७५ लाही चालतं आणि आजही.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

दिंडी! हे मला सुचलंच नसतं, मनापासून आभार. मग ‘फलंदाज’चं काय? त्यात फळी आहे. पण सरेतला सर्वांत जुना पुरावा पाहा. गिल्डफर्डमध्ये जमिनीच्या एका तुकड्यावरून खटला चालला होता. जॉन डेरिक नावाच्या ५९ वर्षांच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) साक्ष दिली की, इथल्या शाळेत शिकत असताना मी आणि माझे सोबती त्या जागेवर ‘क्रेकेट’ आणि इतर खेळ खेळायचो. म्हणजे साधारण १५५० च्या सुमाराचा खेळ. (साक्षीची तारीख कागदावर १७ जानेवारी १५९७ आहे. पण तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून आजच्या हिशेबाने ते १५९८.) एका मिळकतीच्या भांडणात म्हाताऱ्या माणसाला शाळेचे दिवस आठवले नसते, तर जगाला हा पुरावा मिळालाच नसता, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्या मुलांच्या हातात फळी खचितच नव्हती.

प्रतिसाद

नव्हतीच. १६११ च्या एका फ्रेंच-इंग्रजी कोशात मुलं क्रिकेट खेळतात त्या ‘वाकड्या काठी’चा उल्लेख आहे. चेंडू जमिनीलगत सरपटत यायचा, म्हणून काठी खाली हॉकीसारखी वळलेली. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात गोलंदाज टप्पा टाकून चेंडू उसळवू लागले, तेव्हा बॅट सरळ झाली. फळी खरी तिथून.

आणि फळी किती रुंद? त्याचा निकालही सरेतच लागला. सप्टेंबर १७७१ मध्ये चर्टसीजवळच्या लेलहॅम बरवे मैदानावर चर्टसीकडून खेळणारा थॉमस व्हाइट यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन उभा राहिला. त्याला बाद करणार कसं? हॅम्बल्डनवाल्यांनी लगेच लेखी हरकत घेतली आणि सव्वाचार इंचांची मर्यादा ठरली. आजच्या नियमांतही तीच आहे. तेव्हा १७७१ च्या प्रसंगात ‘फलंदाज’ बिनधास्त लिहा, डेरिकच्या शाळेत मात्र ‘काठी घेतलेला मुलगा’.

प्रतिसाद

काठीऐवजी ‘दांडू’ घ्या ना.

प्रतिसाद

नको. दांडू म्हटला की पाठोपाठ विटी येते आणि वाचक थेट गल्लीत पोचतो. ‘सोटा’ किंवा ‘वाकडा दांडा’ बरा.

‘धाव’ला मात्र हात लावू नका. गुणलेखक काठीवर खाच पाडून धावा मोजत, म्हणून धावेला ‘खाच’ म्हणत. ‘त्याने १४ खाचा केल्या’ हे एकदा सांगण्यासारखं आहे, पण लेखभर नाही.

थोडं विषयांतर. सरे म्हटलं की मला १९४६ चं ओव्हल आठवतं. भारताच्या चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी या दहाव्या-अकराव्या जोडीने सरेविरुद्ध २४९ धावांची भागी केली. दोघांचीही शतकं! तिथेही ‘शेवटचा गडी’च म्हणतो आपण. या शब्दाला कुठल्याच काळाचं वावडं नाही.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

ठरलं तर. दिंडी एकदा, खाच एकदा, गडी सगळीकडे. षटक आणि त्रिफळा नाहीत.

एक शेवटचा प्रश्न. सरेचा लम्पी त्या सामन्यात केंटकडून खेळला, कारण जोर सारखा व्हावा म्हणून दुसरीकडचा खेळाडू एखाद्या बाजूला द्यायची तेव्हा पद्धत होती. इंग्रजीत त्याला ‘दिलेला माणूस’ अशा अर्थाचा शब्द आहे. मराठीत?

प्रतिसाद

‘उसना गडी’.