घडी होणारा हेडफोन घरीच बनवतोय, बिजागरीवर गाडी अडलीये

सॅक_आणि_सर्किट (ऐरोली)

मंडळी जरा डोकं लावा. माझ्याकडे एक जुना ओव्हर-इअर ब्लूटूथ हेडफोन आहे, आवाज मस्त, बॅटरी पण अजून टिकते, फक्त त्याची घडी होत नाही. रोज ठाणे-वाशी लाईनने जातो, सॅकमध्ये लॅपटॉप, डबा, छत्री कोंबल्यावर त्याला जागाच उरत नाही आणि गळ्यात अडकवावा तर ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या गर्दीत कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकणार म्हणजे अडकणारच. म्हणून ठरवलं की कप, ड्रायव्हर (कपातले स्पीकर), बोर्ड सगळं जुनंच ठेवायचं आणि हेडबँड तेवढा नवीन करायचा, घडीचा. मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे.

कप ८२ मिमी उंच, पॅड धरून ४५ मिमी जाड. डोक्यावर असताना दोन कपांच्या मधलं अंतर १५० मिमी. बिजागरी मी स्लायडरच्या (बँड लहान-मोठा करायची सरकपट्टी) वर ठेवलीये, कप आत वळून बँडच्या कमानीत बसतील असा प्लॅन. पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) प्रिंट काढली, घडी एकदम छान होते, शंभर वेळा उघडझाप करा काही होत नाही. पण डोक्यावर घातला की थोड्या वेळात बिजागरीपाशी कट्. घडी करताना तुटली असती तर समजलं असतं, नुसतं घालून का तुटते? मटेरियल बदलू का डिझाईनच चुकलंय?

जुना_ठाणेकर

कशाला एवढा खटाटोप. कॉसचा पोर्टा प्रो घे की. १९८४ पासून तोच आकार चाललाय, स्टीलच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकतात, कप आत वळतात, टोकाचा हूक अडकवला की मुठीएवढा गोळा. चाळीस वर्षांत त्यांना बदलावासा वाटला नाही यातच सगळं आलं.

सॅक_आणि_सर्किट

काका पोर्टा प्रो भारीच आहे पण तो ओपन, कानावर नुसता फोम. लोकलमध्ये शेजारच्याचं आख्खं फोनवरचं भांडण ऐकू येईल 😄 आणि त्याचे कप एवढुसे म्हणून ती घडी जमते, माझे ८२ मिमीचे.

रबाळे_टूलरूम

मी एमआयडीसीत मोल्डच्या कामात आहे, त्यामुळे तुटलेले प्लास्टिकचे जॉइंट रोज बघतो. तुझा तुकडा नीट बघ, क्रॅक पिनच्या भोकातून सुरू झालाय का जिथे बिजागरी उघडून थांबते त्या ठोकळ्यापासून? माझी पैज त्या ठोकळ्यावर, आम्ही त्याला स्टॉप म्हणतो.

घडी करताना बिजागरीवर काहीच लोड नसतो, ती मोकळी फिरते. लोड येतो डोक्यावर असताना, कारण बँड कपांना आत दाबतो, डोकं कपांना बाहेर ढकलतं, आणि तुझी बिजागरी आत वळणारी असल्यामुळे ते बाहेर ढकलणं अडवायला फक्त तो स्टॉप उभा असतो. हिशोब कर. हेडफोन साधारण ४ न्यूटनने डोकं धरतो असं समज. कपाच्या मध्यापासून बिजागरी तू स्लायडरच्या वर ठेवलीस म्हणजे ५०-६० मिमी तरी वर असेल, ५० धरला तरी झाले २०० न्यूटन-मिमी. स्टॉप पिनपासून ४ मिमीवर असेल तर त्यावर ५० न्यूटन, म्हणजे पाच किलो वजन टांगल्यासारखं, आणि ते तू घालून बसलास तोवर सतत. तोच स्टॉप १० मिमीवर नेला तर २० न्यूटन. शिवाय एका हाताने ताणून घालतोस तेव्हा याच्या कितीतरी पट. पीएलए अशा सतत दाबाखाली हळूहळू आकार सोडतं पण, आणि ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात बंद गाडीत ठेवलास तर सकाळचा आकार संध्याकाळी राहणार नाही.

तेव्हा मटेरियल नंतर बघ, आधी स्टॉप पिनपासून लांब आणि रुंद कर, कोपऱ्यात धारदार काटकोन ठेवू नकोस, गोलाई दे. आणि प्रिंट करताना पिनचं भोक उभं ठेव, म्हणजे लेयर (प्रिंटचे थर) पिनभोवती गोल जातील. आडवं ठेवलंस तर लेयर सुटून निघणार, तिथे पीईटीजी (प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक) वापर नाहीतर नायलॉन.

ता.क. ४ न्यूटन मी अंदाजाने धरलाय. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घे, एक कप टेबलाला बांध, दुसरा १५० मिमीपर्यंत ओढ. ४०० ग्रॅम दाखवला की ४ न्यूटन.

कोपरखैरणे_केव्ही

+१, स्टॉपचं कुणी बोलतच नाही.

सोल्डरवाली

बिजागरी कशीही कर, आधी सांग वायर कुठून नेतोयस? बॅटरी आणि बोर्ड एका कपात असणार, म्हणजे दुसऱ्या कपाच्या ड्रायव्हरच्या किमान दोन वायर बँडमधून जातात, नॉइज कॅन्सलेशन असेल तर माईकच्या वेगळ्या. माझ्याकडे जे हेडफोन "एका कानातून आवाज येत नाही" म्हणून येतात त्यात स्पीकर गेलेला क्वचितच असतो, बहुतेक वेळा बिजागरीपाशी आतली तार तुटलेली असते, बाहेरून काहीच दिसत नाही.

तार एकाच जागी वाकवली की तिथेच थकते आणि तुटते. तीच तार बिजागरीच्या आसातून, म्हणजे पिनच्याच रेषेत नेली तर ती वाकत नाही, पिळते, आणि ९० डिग्रीचा पीळ दोन-तीन सेंटीमीटर लांबीवर पसरला तर तिला काही फरक पडत नाही. म्हणून पोकळ पिन बघ. तार बारीक धाग्यांची, सिलिकॉनच्या आवरणाची, ३० गेजची पुरते. स्लायडरमध्ये झोल ठेव, स्लायडर पूर्ण बाहेर काढल्यावरही तार ताठ व्हायला नको. आणि सोल्डर केल्यावर जॉइंटच्या पुढचा भाग कडक होतो, तार नेमकी तिथेच तुटते, त्यामुळे तिथे सिलिकॉन गोंदाचा थेंब टाकून तार कपाला चिकटव. ग्लू गन नको, उन्हात सोडते.

घणसोली_लोकल

माझं मत वेगळं आहे. आत वळणारी घडी तुला बसणारच नाही. कपाची उंचीच ८२, दोन कप समोरासमोर आडवे आले तर १६४, वर बिजागरीपासून कपापर्यंतचा दांडा वेगळा. आणि १५० हे डोक्यावरचं माप आहे रे, बॅगेत असताना बँड मोकळा असतो, आत येतो, तेव्हाचं मोजून बघ, बरंच कमी भरेल. म्हणजे एक कप दुसऱ्यावर चढणार नाहीतर दोन्ही तिरके कमानीत घुसवावे लागणार. प्रिंट काढायच्या आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून बँड आणि दोन कप कापून टाचण्या लावून फिरवून बघायचं, पाच मिनिटांत कळतं.

त्यापेक्षा कप उभ्या आसावर ९० डिग्री फिरव, म्हणजे सगळा हेडफोन सपाट. लांबी-रुंदी तेवढीच राहते हे खरं, पण जाडी कपाएवढीच, आणि सॅकमध्ये लॅपटॉपच्या पुढे तेवढी फट असतेच. डब्याच्या कप्प्यात गोळा कोंबण्यापेक्षा बरं. सोनीने २०२२ च्या एक्सएम५ हेडफोनमध्ये हेच केलं होतं, आतली घडी काढून टाकली, कप फक्त सपाट फिरायचे.

जुना_ठाणेकर

आणि लोकांनी बोंब मारल्यावर २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडी परत आणली, तेही धातूच्या बिजागरीसकट. हे पण सांग की.

घणसोली_लोकल

हो काका, पण त्यांच्याकडे धातूचे पार्ट मोल्ड करायची सोय आहे, याच्याकडे मित्राचा प्रिंटर आहे. छोटी स्लिंग बॅग असती तर मीही आतली घडीच म्हटलं असतं.

रबाळे_टूलरूम

घणसोलीशी सहमत, आणि ताकदीच्या हिशोबानेही तेच बरं. आस उभा असला की डोक्याचा दाब त्या आसाभोवती कप फिरवत नाही, कप मधोमध धरलेला असेल तर जवळपास शून्य. म्हणजे स्टॉपला फक्त कप जास्त फिरू न देण्याचं काम उरतं. वाकण्याचा लोड बँडच्या दांड्यावर येतो, तो जाड करायला कोण अडवतंय.

सॅक_आणि_सर्किट

क्रॅक बघितला, बरोब्बर स्टॉपच्या कोपऱ्यातून सुरू झालाय 🙏 आणि पुठ्ठ्याचं करून बघितलं, कप एकमेकांवर आपटतात. तर सपाटच करतो. सोल्डरवाली ताई, उभ्या आसात तार आपोआप पिळतेच ना मग? आणि कप लोंबकळत सैल फिरू नये म्हणून काय करू, स्प्रिंग-बॉलचा क्लिक (स्प्रिंगवरची गोळी खड्ड्यात टक्कन बसते तो)?

सोल्डरवाली

हो, पिळते. फक्त कप एकाच दिशेला ९० च्या पुढे जाऊ देऊ नकोस, नाहीतर कुणीतरी गोलगोल फिरवत बसतं आणि तार गेली. पॅडचं पण बघ, रेक्झिनचे पॅड आपल्या दमट हवेत पापुद्रे सोडतात आणि बंद पाउचमध्ये तर लवकर, बदलणारच असशील तर कापडी घे. पाउच जाळीचं.

रबाळे_टूलरूम

क्लिकच्या नादी लागू नकोस, प्रिंटमध्ये तो खड्डा लवकर झिजतो. पिन ३ मिमीची स्टीलची पोकळ नळी घे, भोक थोडं बारीक प्रिंट कर आणि मग ड्रिलने साफ कर, मध्ये एक रबरी ओ-रिंग दाबून बसव. तेवढ्या घर्षणाने कप जिथे सोडशील तिथे राहतो, आणि लोकलमध्ये एक हात हँडलला असताना दुसऱ्या हाताने उघडता येतो.

अजून एक, डावा-उजवा मिरर करून प्रिंट दे, दोन्ही सारखे काढलेस तर एक पॅड वर आणि एक खाली बघेल. गळ्यात घातल्यावर दोन्ही पॅड छातीकडे वळतील अशी दिशा ठेव. आकाशाकडे ठेवलेस तर जुलैत ऐरोली स्टेशनबाहेर पडेपर्यंत दोन्ही कपांत पाणी.